अहिल्याबाईंचा दीपस्तंभ आणि परदेशी पैशाचा कायदा

आजचं बोलणं काशीच्या पंचगंगा घाटावरून. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा अशा पाच नद्यांचा इथे संगम मानतात. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा, बाकीच्या श्रद्धेने पाहायच्या. वरच्या पायऱ्यांवर दगडी हजारा दीपस्तंभ उभा आहे. कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळीच्या संध्याकाळी, त्याच्या कोनाड्यांत पणत्या लागतात. हा स्तंभ अहिल्याबाई होळकरांचा म्हणून ओळखला जातो. जवळच बिंदुमाधवाचं देऊळ आहे. जुनं देऊळ औरंगजेबाच्या काळात गेलं, आजचं बांधलं ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी. बालाजीचं देऊळ पेशव्यांच्या नावाने सांगतात. तिथेच बिस्मिल्ला खाँसाहेब तासन्‌तास शहनाईचा रियाज करत. दोन पावलं पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट. त्या गल्ल्यांत आजही कानावर मराठी पडतं, थोडं हिंदीच्या वळणाचं, पण मराठीच.

आता तुम्ही म्हणाल, विषय आहे स्वयंसेवी संस्थांना परदेशातून येणाऱ्या पैशावरच्या कायद्यांचा आणि त्यावरून देशादेशांत उठणाऱ्या कुरबुरींचा. त्यात हे तीर्थवर्णन कशाला? सांगतो.

अहिल्याबाईंनी इंदूर-महेश्वरचा कारभार १७६७ ते १७९५ असा पाहिला. त्या काळात काशी मराठ्यांच्या ताब्यात कधीच नव्हती. आधी ती अवधच्या नवाबाच्या छत्राखाली होती. १७७५ च्या करारानंतर ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली आणि बनारसचे राजे कंपनीचे मांडलिक झाले. बाईंनी विश्वनाथाचं देऊळ उभं केलं ते १७८० चं, म्हणजे कंपनीच्या अमलातलं. आजच्या भाषेत बोलायचं तर एका राज्याच्या प्रमुखाने दुसऱ्या सत्तेच्या मुलखात धार्मिक आणि सामाजिक कामासाठी पाठवलेली ही देणगी. आणि तो पैसा दौलतीच्या खजिन्यातला नव्हता. होळकरांकडे ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब असत, आणि बाईंचा दानधर्म खासगीतून चाले. सरकारी पैसा वेगळा, खासगी पैसा वेगळा. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं उदाहरण नाना फडणविसांचं. काशीहून पूर्वेला गयेकडे निघालं की कर्मनाशा नदी आडवी येते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला की पुण्य धुऊन जातं अशी समजूत, त्यामुळे यात्रेकरू दुसऱ्याच्या खांद्यावर बसून ती ओलांडत. नानांनी तिथे पूल बांधायला काढला. मुलूख कंपनीचा, पैसा पुण्याच्या कारभाऱ्याचा! वाळूत पाया टिकेना, काम अर्धवट राहिलं. पुढे १८३० च्या सुमारास राजा पटनीमल यांच्या पैशाने आणि जेम्स प्रिन्सेपच्या देखरेखीखाली तिथे पूल झाला. ज्यांच्याशी पुण्याने लढाया केल्या, त्यांच्याच हद्दीत पुण्याचा पैसा यात्रेकरूंसाठी खर्च होत होता. कंपनीने तो अडवला नाही. धर्मप्रेमापोटी नव्हे हो, यात्रा म्हणजे जकात, बाजार आणि पुण्याशी बोलायला एक दार.

त्या वेळी पासपोर्ट नव्हते, राष्ट्र ही कल्पना आजच्यासारखी नव्हती, हे मलाही कळतं. अहिल्याबाईंना काशी परकी वाटत नव्हती. पण एक प्रश्न तेव्हाही होता तोच आज आहे: सीमेपलीकडून आपल्या मुलखातल्या माणसांसाठी पैसा येतो, तेव्हा इथल्या सत्तेने तो कोणत्या नजरेने पाहायचा? उपकार म्हणून, की हस्तक्षेप म्हणून?

आपल्याकडे या प्रश्नाचं कायद्यात रूपांतर झालं त्याची सुरुवात एका मराठी माणसाच्या कारकिर्दीत झाली. १९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत परदेशी पैसा आला अशी ओरड झाली. गृहमंत्री होते कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण. त्यांनी गुप्तचर खात्याकडून चौकशी करवून घेतली, पण अहवाल काही लोकांसमोर आला नाही. त्याच सुमारास अमेरिकेत बातमी फुटली की ‘एशिया फाउंडेशन’ या वरवर विद्या-संस्कृतीच्या संस्थेला सीआयएकडून पैसा मिळतो. भारताने तिला गाशा गुंडाळायला लावला. तेव्हा परदेशी पैशाची भीती ही नुसती कल्पना नव्हती. पुरावा असलेली गोष्ट होती. पुढे १९७६ साली, आणीबाणी चालू असताना, विदेशी अंशदान नियमन कायदा झाला. आपण सगळे त्याला एफसीआरए म्हणतो. २०१० साली तो नव्याने लिहिला गेला आणि २०२० च्या सप्टेंबरात त्यात मोठी दुरुस्ती झाली.

ही दुरुस्ती नीट समजून घ्या, कारण जगभरची नाराजी तिच्याभोवती आहे. परदेशी देणगी आता फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरते. गडचिरोलीतली संस्था असो नाहीतर काशीतली, पैसा आधी दिल्लीत. तिथून मग संस्थेच्या गावातल्या खात्यावर नेता येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागितले गेले. चौकशी चालू असताना नोंदणी १८० दिवस स्थगित करता येत होती, त्यात आणखी १८० दिवसांची भर पडली. आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं कलम: एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही.

या शेवटच्या कलमाचा अर्थ शहरात बसून कळत नाही. इंग्रजीत अर्ज लिहिणारी, हिशेबनीस ठेवणारी मोठी संस्था मुंबईत किंवा दिल्लीत असते. ती पैसा आणायची आणि नंदुरबारच्या पाड्यावर कुपोषणाचं काम करणाऱ्या चारपाच जणांच्या गटाला त्यातला वाटा द्यायची. ती साखळी तुटली. सरकारची बाजूही ऐका. दुरुस्ती मांडताना सांगितलं गेलं की २०१० ते २०१९ या काळात परदेशी देणग्यांचा ओघ जवळपास दुप्पट झाला, अनेक संस्थांनी विवरणपत्रंच भरली नाहीत, आणि १९ हजारांहून अधिक नोंदण्या रद्द कराव्या लागल्या. पैसा एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेला की माग लागत नाही. मुद्दा खोटा नाही. पण माग काढायचा दुसरा मार्ग होता, प्रत्येक हाताकडून हिशेब घ्यायचा. तो न घेता हातच छाटला, असं माझं मत आहे.

आता बाहेरच्या प्रतिक्रिया. मे २०१५ मध्ये अमेरिकेचे दिल्लीतले राजदूत रिचर्ड वर्मा यांनी भाषणात संस्थांवरच्या कारवाईबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. त्याच्या आदल्या महिन्यात ‘फोर्ड फाउंडेशन’ला गृहखात्याने निगराणीच्या यादीत घातलं होतं. वर्षभराने ते नाव यादीतून निघालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक मैना किआई यांनी आपला कायदा आंतरराष्ट्रीय मानकांत बसत नाही असं विश्लेषण प्रसिद्ध केलं. २०१७ मध्ये ‘कंपॅशन इंटरनॅशनल’ या अमेरिकी ख्रिस्ती संस्थेला भारतातलं काम बंद करावं लागलं. तो विषय अमेरिकी काँग्रेसच्या समितीपर्यंत पोहोचला होता. २० ऑक्टोबर २०२० ला मानवाधिकार उच्चायुक्त मिशेल बाशेले यांनी या कायद्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने उत्तर दिलं की कायदे करणं हा सार्वभौम हक्क आहे आणि मानवी हक्कांच्या आडून कायदेभंग खपवून घेतला जाणार नाही.

हे उत्तर ऐकायला कणखर वाटतं. बाहेरच्या माणसाला मात्र ते अपुरं वाटतं, त्याचं कारण सांगतो. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९७९ साली मान्यता दिली. त्याच्या २२ व्या कलमात संघटना करण्याचा हक्क आहे. आपण मान्यता देताना अशी नोंद केली होती की हे कलम आपल्या घटनेच्या १९ व्या कलमाला धरून लागू होईल. म्हणजे बंधन आम्हाला मान्य, पण आमच्या घटनेतल्या वाजवी निर्बंधांसह. तेव्हा परदेशी राजदूत विचारतो, की निर्बंध वाजवी आहे हे दाखवा. त्यावर ‘हा आमचा अंतर्गत प्रश्न’ म्हणणं म्हणजे परीक्षेत प्रश्न वाचून वेगळ्याच धड्याचं उत्तर लिहिणं.

वाजवीपणाची कसोटी आपल्या न्यायालयात झाली, हे आपल्या बाजूचं सर्वांत भक्कम उत्तर. ८ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने नोएल हार्पर खटल्यात २०२० ची दुरुस्ती वैध ठरवली. निकाल लिहिला न्यायमूर्ती अजय खानविलकरांनी. परदेशी देणगी घेणं हा काही अबाधित हक्क नाही, असं त्यांनी म्हटलं, आणि परदेशी पैशाची तुलना औषधाशी केली: प्रमाणात गुणकारी, अति झालं की घातक. मात्र आधारच हवं हा हट्ट न्यायालयाने सैल केला आणि भारतीय पासपोर्टही चालेल असं सांगितलं. हा निकाल मला सगळाच पटतो असं नाही. पण परदेशी पाहुण्यासमोर ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे हीच. कायद्याला आव्हान दिलं गेलं, युक्तिवाद झाले, कारणांसह निकाल आला.

इतर देशांत काय चाललंय ते थोडक्यात. रशियाने २०१२ साली परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना ‘परदेशी हस्तक’ अशी पाटी लावायला भाग पाडलं. त्यांच्या भाषेत हा शब्द जवळपास हेराच्या अर्थाने घेतला जातो. चीनने २०१७ पासून परदेशी संस्थांना थेट पोलीस खात्याच्या देखरेखीखाली आणलं. हंगेरीचा २०१७ चा कायदा युरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवला. जॉर्जियात मे २०२४ मध्ये, २० टक्क्यांहून अधिक उत्पन्न परदेशातून असलेल्या संस्थांना ‘परकीय सत्तेच्या हितासाठी काम करणाऱ्या’ म्हणून नोंद करायला लावणारा कायदा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार मोडून मंजूर झाला. तिबिलिसीच्या रस्त्यांवर माणसं उतरली, युरोपीय संघातल्या प्रवेशाची वाट अडली, अमेरिकेने काही जणांच्या व्हिसावर निर्बंध घातले.

यातल्या बऱ्याच देशांच्या बचावात एक वाक्य हमखास असतं: अमेरिकेतही १९३८ पासून असा कायदा आहे! आहे खरा. नाझींच्या प्रचाराला आळा घालायला तो केला गेला. पण तो लागू होतो परकीय सत्तेच्या सांगण्यावरून, तिच्या वतीने काम करणाऱ्याला. नुसता बाहेरचा पैसा घेतला म्हणून नाही. आणि तो केवळ दुसऱ्यांना लागतो असंही नाही. २०२० साली ‘ओव्हरसीज फ्रेंड्स ऑफ बीजेपी’ या अमेरिकेतल्या संघटनेने याच कायद्याखाली नोंदणी केली. म्हणजे आपली माणसंही दुसऱ्याच्या देशात याच बाकावर बसलेली आहेत.

मी फौजेत असताना निम्मी नोकरी ईशान्येत आणि काश्मिरात काढली. तेव्हा माझ्याकडून कुणी ‘परदेशी पैसा म्हणजे गंगाजल’ असं ऐकण्याची अपेक्षा करू नये. बाहेरच्या पैशाने पोरांच्या हातात बंदूक आलेली मी पाहिली आहे. पण एक निरीक्षण सांगतो. तो पैसा कधी बँकेच्या खिडकीतून आला नाही. तो आला पोत्यातून, सोन्यातून, जंगलातल्या खंडणीतून, हवाल्यातून. हवाला अर्ज भरत नाही. अर्ज भरतो तो दवाखाना चालवणारा. तेव्हा सुरक्षेच्या नावाने कायदा कडक करायचा तर हे धरून चाला की जाळ्यात सापडणारे बहुतेक जण कागद नीट न भरणारे भले लोक असतील. अट्टल बदमाश वेगळ्या पाण्यात पोहतो. हेर संस्थेचा मुखवटा घालून येऊच शकत नाही असं मी म्हणत नाही. एशिया फाउंडेशनची गोष्ट मघाशी सांगितलीच. पण त्याला पकडतं गुप्तचर खातं. स्टेट बँकेचा कारकून नव्हे.

आणि कडकपणा सगळ्यांना सारखा असेल तरच तो बाहेर सांगता येतो. २८ मार्च २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदांत समूहाच्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन १९७६ च्या कायद्याचा भंग केल्याचं म्हटलं. पुढे काय झालं? २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून परदेशी स्रोताची व्याख्याच बदलली, आणि तीही पूर्वलक्षी प्रभावाने, थेट ५ ऑगस्ट १९७६ पासून. यशवंतरावांच्या वेळी ओरड झाली होती ती निवडणुकीतल्या परदेशी पैशाची, राजकीय पक्षांच्या पैशाची. ज्यांच्यासाठी कुंपण घातलं ते बाहेर पडले आणि वेदपाठशाळा, अनाथालयं आत राहिली. परदेशातल्या मुत्सद्द्यांना हे ठाऊक नसतं असं समजू नका. त्यांच्या टेबलावर कात्रण असतं.

वेळ आणि कारण यांनाही परराष्ट्र व्यवहारात वजन असतं. मदर तेरेसांच्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’ची नोंदणी नूतनीकरणाला नाकारली गेली ती तारीख होती २५ डिसेंबर २०२१. नाताळचा दिवस! तपशील लोकांपुढे न आलेल्या प्रतिकूल माहितीचा हवाला दिला गेला. ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहात प्रश्न विचारला गेला. ७ जानेवारीच्या सुमारास नोंदणी पुन्हा बहाल झाली. माहिती गंभीर होती तर दोन आठवड्यांत ती कुठे गेली, आणि नव्हती तर नाताळच्या दिवशी नाकारलं कशाला, हा प्रश्न मागे उरलाच. त्याच सुमारास जवळपास ६ हजार संस्थांची नोंदणी संपुष्टात आली. काहींनी अर्जच केले नव्हते, काहींचे नाकारले गेले.

याच ठिकाणी माझं मुख्य म्हणणं आहे. राज्याला बाहेरून येणाऱ्या पैशाकडे पाहण्याचा हक्क आहे, पूर्ण आहे. पण नकार देताना कारण लेखी हवं आणि त्यावर बाहेरच्या कुणीतरी दाद द्यायला हवी. फौजेत साध्या शिपायाला शिक्षा सुनावतानाही आरोप वाचून दाखवतात, त्याचं म्हणणं लिहून घेतात. संस्थेच्या बाबतीत एवढं केलं तर लंडनला किंवा जिनिव्हाला आपल्या प्रतिनिधीला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करावी लागणार नाही, तो सरळ आदेशाची प्रत पुढे करील. सप्टेंबर २०२४ मध्ये पैशांच्या गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाने आपला अहवाल दिला. भारताचं एकूण कौतुक झालं, पण ना-नफा संस्थांबाबत धोका जिथे आहे तिथेच नेमके उपाय करा, असंही सुचवलं गेलं. हा गट मानवी हक्कवाल्यांचा नाही. पैशाचा माग काढणाऱ्यांचा आहे.

आता मघाशी ‘दौलत आणि खासगी’ म्हणालो होतो त्याकडे वळू. दौलतीचा पैसा, म्हणजे सरकारकडून सरकारला आलेला, आपण वाजतगाजत घेतो. याच वाराणसीत जपानच्या मदतीने ‘रुद्राक्ष’ सभागृह उभं राहिलं, जुलै २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. गंगेच्या सफाईसाठी जागतिक बँकेचं कर्ज घेतलं. अडचण खासगीची आहे. घाटांच्या दुसऱ्या टोकाला तुळशीघाट आहे. तिथे संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक वीरभद्र मिश्र यांनी १९८२ मध्ये संकटमोचन फाउंडेशन स्थापन केलं. ते गंगेचं पाणी प्रयोगशाळेत तपासत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले स्नेही त्यांच्या पाठीशी उभे राहिले, बर्कलीचे प्राध्यापक विल्यम ऑस्वाल्ड यांनी सांडपाणी शुद्धीकरणाच्या तळ्यांची पद्धत सुचवली. महंतांचे आकडे सरकारी आकड्यांशी जुळत नसत. अशा वेळी कुठल्याही सरकारला वाटू शकतं की परक्यांच्या पाठिंब्याने हा माणूस आपल्याला खोटं पाडतोय. पण पहाटे त्याच पाण्यात बुडी मारणारा माणूसही तोच होता. त्यांच्या मोजमापाने गंगेचं काय बिघडलं? ते २०१३ साली गेले.

सरकारांनाही या कायद्याची ठेच लागते, बरं का. २०१८ च्या महापुरात केरळला संयुक्त अरब अमिरातीची मदत देऊ केली गेली. केंद्राने जुन्या धोरणाचा दाखला देऊन ती घेतली नाही, आणि दिल्ली-तिरुवनंतपुरम अशी जुंपली. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहाय्यता निधीला याच कायद्याखाली परवानगी मिळाली, अशी परवानगी मिळालेला तो पहिला राज्य-निधी म्हणून सांगितलं गेलं. राज्याच्या मुख्यमंत्र्यांनाही अर्ज करावा लागतो, हे ऐकून गावातल्या संस्थाचालकाला थोडं बरं वाटेल.

आता प्रेक्षकांच्या पत्रांतला सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न, विशेषतः न्यू जर्सी, लंडन, सिंगापूरहून: ‘आम्ही गावच्या शाळेला, देवळाला पैसे पाठवले तर चालतील का?’

माझे पलटणीतले एक सहकारी पुण्यात असतात. त्यांचे धाकटे भाऊ तीस वर्षं अमेरिकेत. आईचं वर्षश्राद्ध करायला दोघे इथे आले, घाटामागच्या गल्लीतल्या एका छोट्या मराठी वेदपाठशाळेत उतरले. पावसात छत गळत होतं, मुलं पोथ्या उचलून कोरड्या कोपऱ्यात नेत होती. धाकट्याने तिथेच ठरवलं, छताचा सगळा खर्च माझा. व्यवस्था पाहणारे वृद्ध गुरुजी हात जोडून म्हणाले, “साहेब, आपलं मन मोठं आहे. पण आपला पासपोर्ट कोणता?”

पासपोर्ट निळा निघाला, अमेरिकेचा. विषय तिथेच संपला.

कायदा रक्त पाहत नाही, नागरिकत्व पाहतो. भारतीय पासपोर्टवर परदेशात राहणारा, ग्रीन कार्डवाला का असेना, स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देतो ती परदेशी अंशदान धरली जात नाही. पण परदेशाचं नागरिकत्व घेतलं की तो परदेशी स्रोत, मग ओसीआय कार्ड असलं तरी. एकाच आईचे दोन मुलगे, एकाची देणगी देशी, दुसऱ्याची परदेशी. नातेवाइकाला घरखर्चासाठी पाठवायचं असेल तर वेगळी गोष्ट, तिथे २०२२ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत सरकारला कळवावंही लागत नाही. संस्थेला मात्र नोंदणी हवी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. बारा-पंधरा मुलांना वरणभात घालून वेद शिकवणाऱ्या शाळेचा हिशेब तिथवर पोहोचत नाही. दुसरी वाट म्हणजे ठराविक दात्याकडून ठराविक कामासाठी पूर्वपरवानगी. त्याला दात्याचं वचनपत्र लागतं, कामाचा आराखडा लागतो, आणि चिकाटी लागते.

धाकट्याने मला विचारलं, “दादाच्या खात्यात घालतो, तो देईल. कुणाला काय कळणार?” मी त्याला स्पष्ट सांगितलं, असं करू नकोस. तपास लागला तर उत्तर तुझ्या भावाला आणि त्या गुरुजींना द्यावं लागेल, तू तर एडिसनमध्ये असशील. या कायद्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंगाची तरतूद आहे.

बाहेरून देणगी देऊ पाहणाऱ्यांनी एवढं करावं. पैसे पाठवण्याआधी संस्थेकडून नोंदणी क्रमांक आणि तिची मुदत लेखी घ्या, मुदत पाच वर्षांची असते. गृहखात्याच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहा. पैसा दिल्लीच्या त्या एकाच शाखेतल्या खात्यातच पाठवा, गावच्या खात्यात नको. संस्थेने मागच्या वर्षीचं विवरण ३१ डिसेंबरपूर्वी भरलं होतं का, हे विचारायला संकोच करू नका. ज्यांच्याकडे नोंदणी नाही त्यांना, तुमच्या कुटुंबात कुणी भारतीय नागरिक असेल आणि त्याची स्वतःची इच्छा व ऐपत असेल, तर त्याने आपल्या पैशातून द्यावं.

आमच्या सहकाऱ्यांनी तसंच केलं. पेन्शनमधून अर्ध्या छताचे पत्रे बसवून दिले. उरलेल्या अर्ध्यासाठी गुरुजींनी पूर्वपरवानगीचा अर्ज लिहायला घेतलाय. इंग्रजी मी तपासून देतोय. दात्याच्या वचनपत्रावर धाकट्याची सही आली आहे, सनदी लेखापालांचा आराखडा यायचा आहे.